एटीएफ, कढईचा काळा थर आणि मोरपंखी नळी

तापीकाठ (भुसावळ), धागाकर्ता

जळगावला विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत शिकणारा माझा भाचा गेल्या रविवारी घरी आला होता. त्याने प्रकल्पासाठी जो विषय निवडला आहे तो असा : विमानाच्या इंधनात पूरके मिसळून त्याची उष्णतेतील ऑक्सिडीकरणाला तोंड देण्याची क्षमता वाढवणे. पोह्यांची बशी हातात घेऊन त्याने मला विचारले, "मामा, अँटीऑक्सिडंटचे प्रमाण दुप्पट केले की काम झाले, नाही का?" इंधन तपासणाऱ्या प्रयोगशाळेत माझी नोकरीची बहुतेक वर्षे गेली, तरीही या प्रश्नाचे उत्तर मला एका वाक्यात देता आले नाही. "नाही" एवढे म्हणालो खरा, पण ते का नाही हे नीट सांगायचे राहून गेले, म्हणून हा धागा काढत आहे.

एटीएफ, म्हणजे जेट विमानाचे इंधन, हे मुळात काळजीपूर्वक शुद्ध केलेले रॉकेलच आहे. ते हवेच्या संपर्कात असल्यामुळे त्यात हवा विरघळलेली असते आणि दर किलो इंधनामागे साधारण ७० मिलिग्रॅम ऑक्सिजन त्यात मुरलेला असतो. दहा हजार लिटरचा टँकर घेतला, तर त्यातील सुमारे आठ टन इंधनात अर्ध्या किलोहून जास्त ऑक्सिजन निघेल. इंधन थंड असेपर्यंत हा ऑक्सिजन फारशी गडबड करीत नाही. तापमान दीडशे अंश सेल्सियसच्या आसपास गेले की मात्र एखाद्या हायड्रोकार्बनचा हायड्रोजन अणू निघून जातो, उरलेला मुक्त मूलक (जोडीदार नसलेला, अतिक्रियाशील तुकडा) क्षणात ऑक्सिजनला धरून पेरॉक्सी मूलक बनतो आणि हा पेरॉक्सी मूलक शेजारच्या रेणूचा हायड्रोजन ओढून घेऊन स्वतः हायड्रोपरॉक्साइड होतो. हायड्रोजन गमावलेला शेजारी आता नवा मूलक झालेला असतो, त्यामुळे तीच कथा पुन्हा सुरू होते. अँटीऑक्सिडंट, म्हणजे बहुधा बीएचटीसारखे अडथळायुक्त फिनॉल, आपला हायड्रोजन पेरॉक्सी मूलकाला देऊन ही साखळी तिथेच तोडतो.

टाकीत महिनोन्महिने पडून राहणाऱ्या इंधनासाठी हा उपाय उत्तम आहे. हायड्रोजन प्रक्रिया केलेल्या इंधनात अँटीऑक्सिडंट लिटरला १७ ते २४ मिलिग्रॅम घालावा, असे अनेक मानकांमध्ये सांगितलेले आहे. गरम इंजिनात अडचण अशी येते की तापमान वाढल्यावर हायड्रोपरॉक्साइड आपोआप फुटू लागतो आणि प्रत्येक रेणूमागे दोन नवे मूलक देतो. साखळीला अशा फांद्या फुटू लागल्या की फिनॉल झपाट्याने संपतो. त्याचे प्रमाण दुप्पट केले तर संपायला थोडा अधिक वेळ लागेल, पण तो संपणारच. शिवाय इंधनाचे ऑक्सिडीकरण होणे आणि गरम धातूवर त्याचा काळा थर जमणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा दुसरा मुद्दा भाच्याच्या लक्षात आला नव्हता, आणि खरे सांगायचे तर नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत माझ्याही आला नव्हता.

रावेरकर_केळीवाले

तापीकाठ काका, एक प्राथमिक शंका विचारतो. जेट ए-१ या एटीएफच्या प्रकाराचा गोठणबिंदू उणे ४७ अंश असतो असे वाचले आहे, म्हणजे आकाशातील चिंता थंडीची असावी. मग हे दीडशे अंश कुठून येतात? आमच्या रावेर-भुसावळकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, पण तेवढ्या उन्हाने इंधन काही उकळत नाही.

तापीकाठ (भुसावळ)

शंका अगदी रास्त आहे. थंडीची चिंता पंखांतील टाक्यांपुरती असते. टाकीतून निघालेले इंधन इंजिनाकडे जाताना वाटेत इंजिनच्या वंगणतेलाची उष्णता घेते, कारण एका उष्णता-विनिमयकात एका बाजूने गरम तेल आणि दुसऱ्या बाजूने थंड इंधन असे दोन प्रवाह फिरवलेले असतात. त्यानंतर पंपाची उष्णता मिळते, आणि सर्वांत शेवटी लागते ती इंधन फवारणारी नोझल, जी कम्प्रेसरमधून येणाऱ्या तापलेल्या हवेच्या झोतात उभी असते. नोझलच्या आतील अरुंद मार्गात धातूची भिंत इंधनापेक्षा बरीच गरम असते आणि थर नेमका त्या भिंतीला चिकटतो. लढाऊ विमानांत तर विद्युत उपकरणांची आणि जलदाबयंत्रणेची उष्णताही इंधनातच सोडतात. आवाजाच्या तिप्पट वेगाने उडणाऱ्या एसआर-७१ साठी जेपी-७ नावाचे वेगळे इंधन बनवावे लागले, त्यामागे हे एक महत्त्वाचे कारण होते.

थोडक्यात, इंधन जळण्याआधी त्याला गारवा देण्याचे काम करावे लागते, आणि इंजिने जितकी कार्यक्षम होत जातात तितके हे काम त्याच्यावर अधिक पडत जाते.

घाणेवाले_अमळनेर

विमानातील मला काही कळत नाही, पण तेलातील कळते. घरात तीन पिढ्या शेंगदाणा आणि सरकी दळली आहे. तळणीच्या कढईला बाहेरून जो काळा, चिवट थर धरतो आणि काथ्याने घासूनही निघत नाही, तो आणि तुमच्या नोझलमधील थर एकाच जातीचे आहेत का? आणखी एक सांगतो. घाण्यावरचे तेल रंगाने गडद असते, त्याला स्वतःचा वास असतो आणि ते लवकर खवट होत नाही. पण तापवले की धूर लवकर येतो आणि कढई अधिक चिकटते. रिफाइंड तेलाचे याच्या नेमके उलटे आहे. अमळनेरला १९४५ साली ज्या वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून विप्रो सुरू झाली, तिथे तेलात हायड्रोजन घालून ते टिकाऊ करीत असत, हे आमच्या गावात लहान मुलालाही माहीत आहे. तुमच्या इंधनातही हायड्रोजन घालतात म्हणालात, म्हणून आठवले.

तापीकाठ (भुसावळ)

घाणेवाले, आपण विषयाच्या मर्मावर बोट ठेवले आहे. दोन्ही थर अगदी एकाच रसायनाचे नाहीत, कारण तळणीच्या तेलात दुहेरी बंध असलेली मेदाम्ले असतात आणि जेट इंधनात ती नसतात. तरीही ऑक्सिजन, उष्णता आणि गरम धातू हे तिघे दोन्हीकडे तेच आहेत.

आपल्या गावच्या कारखान्यात निकेलचा उत्प्रेरक वापरून दुहेरी बंधांवर हायड्रोजन बसवीत. शुद्धीकरण कारखान्यात बहुतेक वेळा कोबाल्ट-मॉलिब्डेनमचा उत्प्रेरक वापरून गंधक, नायट्रोजन आणि ऑक्सिजन असलेले रेणू काढून टाकतात. आता यातील विरोधाभास पाहा. असे हायड्रोजन प्रक्रिया केलेले, आपल्या रिफाइंडसारखे स्वच्छ इंधन तापवले की ते अतिशय वेगाने ऑक्सिडीकृत होते, कारण त्याचे नैसर्गिक रक्षक, म्हणजे काही फिनॉल आणि गंधकी संयुगे, प्रक्रियेत निघून गेलेले असतात. परंतु त्यातून थर मात्र फार थोडा पडतो. याउलट फक्त ऊर्ध्वपातन करून काढलेले, घाण्याच्या तेलासारखे इंधन ऑक्सिजन हळूहळू खाते, पण जेवढा खाते तेवढ्यात अधिक थर देते. त्यातील फिनॉल साखळी तोडताना स्वतः ऑक्सिडीकृत होतात, त्यांची इंडोल-कार्बाझोलसारख्या नायट्रोजन संयुगांशी गाठ पडते, मोठमोठे ध्रुवीय रेणू तयार होतात, आणि इंधनात ते विरघळेनासे झाले की भिंतीवर बसतात. म्हणजे ऑक्सिजनपासून रक्षण करणारा रेणूच पुढे थराचा कच्चा माल ठरतो. नुसता अँटीऑक्सिडंट वाढवून का भागत नाही, याचे हे दुसरे आणि माझ्या मते अधिक वजनदार उत्तर आहे.

शिरपूर_ते_शारजा

मी विमानांच्या इंजिनदुरुस्तीत काम केले आहे, त्यामुळे या थराचे दुसरे टोक डोळ्यांनी पाहिलेले आहे. इंजिनातून काढलेली नोझल चाचणीच्या स्टँडवर लावून तिच्यातून द्रव सोडतात आणि फवाऱ्याचा शंकू निरखतात. चांगल्या नोझलचा शंकू तलम आणि सर्व बाजूंनी सारखा असतो. आत कोक (इंधनाचा कडक काळा थर) धरलेल्या नोझलच्या शंकूत एका बाजूला रेघ दिसते, म्हणजे तिथे धार जाड होऊन उतरते, आणि समोरच्या बाजूला विरळ पट्टा राहतो. इंजिनात याचा अर्थ असा होतो की ज्वाला एका जागी अधिक पेटते आणि त्या रेघेच्या मागे येणारी टर्बाइनची पाती इतरांपेक्षा जास्त भाजतात. थराची जाडी केसाहूनही कमी असते, पण त्यापायी बदलाव्या लागणाऱ्या सुट्या भागांची किंमत कारखान्यातील कुणालाही विचारावी.

सातपुडा_पायथा

हे सर्व वाचून मला एक साधा उपाय सुचतो. अमेरिकी हवाई दलाकडे जेपी-८+१०० नावाचे इंधन आहे आणि त्यात असे पूरक घालतात की इंधन १०० अंश अधिक सहन करते. मग तेच सर्व प्रवासी विमानांत वापरले की प्रश्न मिटला. इतकी वर्षे हे का होत नाही, यामागे मला तरी केवळ आळस दिसतो.

तापीकाठ (भुसावळ)

सातपुडाजी, आधी १०० चे बघू. ते शंभर अंश फॅरनहाइटचे आहेत. मर्यादा ३२५ फॅरनहाइटवरून ४२५ वर नेण्याचे ते उद्दिष्ट होते, म्हणजे आपल्या मापात १६३ अंश सेल्सियसवरून सुमारे २१८ वर. वाढ ५५ अंशांची झाली, आणि तीही लहान नाही.

त्या पूरकाची मात्रा लिटरला २५६ मिलिग्रॅम असते. दहा हजार लिटरच्या टँकरला अडीच किलोहून थोडे जास्त लागेल. त्यात तीन कामे करणारी तीन द्रव्ये असतात : साखळी तोडणारा बीएचटी, विरघळलेल्या तांब्यासारख्या धातूंना जखडून ठेवणारा धातु-निष्क्रियक, आणि डिटर्जंट-डिस्परसंट. खरी करामत तिसऱ्याची आहे. मोठे ध्रुवीय रेणू तयार होऊ नयेत म्हणून तो फारसा प्रयत्न करीत नाही. तयार झालेल्या बारीक कणांना वेढून तो त्यांना इंधनातच तरंगत ठेवतो, जेणेकरून ते भिंतीला न चिकटता ज्वालेत जाऊन जळून जातील. कपड्यावरचा मळ साबण जसा पाण्यात धरून ठेवतो, तसेच हे आहे.

आणि अडचणही त्या साबणातूनच उगवते. विमानतळावर इंधन ज्या फिल्टरमधून जाते, त्यात कोअलेसर नावाचा तंतूंचा भाग पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब एकमेकांत मिसळून मोठे करतो, मग ते जड होऊन खाली बसतात. साबणासारखे द्रव्य त्या तंतूंवर बसले की थेंब एकत्र येत नाहीत आणि पाणी इंधनाबरोबर पुढे निघून जाते. प्रवासी विमान उणे पन्नास अंशांच्या हवेत तासन्‌तास उडत असते, तेव्हा त्या पाण्याचा बर्फ होतो, आणि तो नोझलमधील कोकपेक्षा कितीतरी लवकर जिवावर बेतू शकतो. म्हणूनच हे पूरक शक्य तितके उशिरा, विमानाच्या अगदी जवळ मिसळावे असा प्रघात पडला, आणि अशा इंधनाचा साठा इतरांपासून वेगळा ठेवावा लागतो. एकाच टाकीतून दहा विमान कंपन्यांना पुरवठा करणाऱ्या नागरी विमानतळाला हे व्यवस्थापन परवडणारे नाही. याला आळस म्हणणे मला पटत नाही.

सातपुडा_पायथा

फॅरनहाइटची चूक मान्य आहे. आळस हा शब्दही मागे घेतो, पण पूर्ण नाही. पाण्याला अडवणार नाही असे डिस्परसंट शोधणे इतके अवघड का असावे?

तापीकाठ (भुसावळ)

कारण ध्रुवीय कणाला धरणारे टोक पाण्यालाही धरते. रेणूला पाणी कोणते आणि डिंक (थर देणारे चिकट कण) कोणता, हे ओळखायला शिकवणे सोपे नाही. फिल्टरच बदलून पाहण्याचे प्रयत्न झाले आणि पाणी शोषून फुगणाऱ्या बहुवारिकाचे (पॉलिमरचे) फिल्टर काही काळ वापरात आले. त्यांच्यातील बहुवारिकाचे अंश इंधनात उतरू लागल्याने तेही नागरी वापरातून काढून घेण्याची वेळ आली. दुसरे मार्ग म्हणजे इंधनातील ऑक्सिजनच काढून टाकणे किंवा नळ्यांना आतून निष्क्रिय लेप देणे. हे दोन्ही तत्त्वतः उत्तम आहेत, पण त्यासाठी विमानातच फेरफार करावे लागतात, आणि पूरकाचे मोठे आकर्षण हेच की त्यासाठी विमानाला हात लावावा लागत नाही.

भाचा_यूआयसीटी

मामांच्या सांगण्यावरून इथे सदस्य झालो. माझा प्रश्न चाचणीबद्दल आहे. इंधन उष्णतेत किती थर देते हे तपासणारे जेएफटीओटी यंत्र आमच्याकडे प्रत्यक्ष नाही. त्या चाचणीत नेमके काय पाहतात, आणि धातु-निष्क्रियकाची मात्रा इतकी कमी का ठेवली आहे, हे कुणी सविस्तर सांगेल का?

तापीकाठ (भुसावळ)

सांगतो, आणि इथे थोडे लांबेल.

इंधनाचा नमुना आधी गाळून त्यातून कोरडी हवा सोडतात, म्हणजे तो ऑक्सिजनने पूर्ण भरतो. मग मिनिटाला ३ मिलिलिटर या संथ गतीने तो एका उभ्या, पेन्सिलीपेक्षा बारीक ॲल्युमिनियमच्या नळीच्या बाहेरून वरच्या दिशेने सरकवतात. ही नळी वीजप्रवाहाने २६० अंशांना तापवलेली असते, आणि इंधन उकळू नये म्हणून आतील दाब वातावरणाच्या चौतीसपट ठेवलेला असतो. अडीच तासांत एकंदर ४५० मिलिलिटर इंधन जाते, म्हणजे पाऊण लिटरच्या बाटलीलाही कमी. पुढे १७ मायक्रॉनची पोलादी जाळी असते. तिच्या दोन बाजूंच्या दाबातील फरक २५ मिलिमीटर पाऱ्याच्या वर गेला तर नमुना नापास. त्यानंतर नळी काढतात, विद्रावकाने धुतात, आणि ठरलेल्या प्रकाशाच्या पेटीत रंगांच्या मानकपट्टीशेजारी धरून पाहतात. रंगाचा क्रमांक ३ च्या आत हवा. अलीकडे थराची जाडी मोजणारी प्रकाशीय यंत्रे आली आहेत आणि तिथे मर्यादा ८५ नॅनोमीटरची आहे.

या तपासणीत एक रंग असा आहे की तो फिका असला तरी नमुना थेट नापास होतो. त्याला मोरपंखी म्हणतात. पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या डिझेलवर जसे निळे-जांभळे-हिरवे तरंग दिसतात, तसाच तो नळीवर उमटतो, आणि कारणही तेच : थर इतका पातळ असतो की प्रकाशलहरी त्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठावरून परतताना एकमेकींत मिसळतात. पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा मी नळी खिडकीशी नेऊन बराच वेळ फिरवीत बसलो होतो. दिसायला इतका सुंदर असलेला दुसरा नापासाचा शेरा मी नोकरीत पाहिला नाही.

आता तांब्याकडे वळतो. अब्जात काही दहा भाग (पीपीबी) एवढेच तांबे विरघळलेले असले तरी इंधन बिघडते, कारण तांबे हायड्रोपरॉक्साइड फोडण्याच्या कामी उत्प्रेरक ठरते आणि स्वतः खर्च होत नाही. पन्नास पीपीबी धरले तर आठ टनांच्या टँकरमध्ये ते अर्ध्या ग्रॅमहूनही कमी भरते. धातु-निष्क्रियकाचा रेणू खेकड्यासारखा तांब्याला चारही बाजूंनी नांग्यांत धरतो आणि त्याला बाकी रेणूंशी खेळू देत नाही. पहिल्यांदा टाकताना त्याची मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम, आणि पुन्हा पुन्हा टाकावे लागले तरी एकंदर ५.७ मिलिग्रॅम अशी ठेवलेली आहे. तांबे एवढे थोडे असल्यामुळे याहून जास्त लागतही नाही. मर्यादेमागे माझ्या दृष्टीने आणखी एक शहाणपण आहे. हे द्रव्य चाचणीच्या नळीच्या धातूवरही परिणाम करते आणि इंधन सुधारलेले नसतानाही नळी स्वच्छ दाखवू शकते, अशी शंका जाणकारांनी घेतलेली आहे. म्हणूनच ते घालण्याआधीचा आणि घातल्यानंतरचा, असे दोन्ही निकाल नोंदवण्याची पद्धत आहे.

तांब्याचा धडा मला एका लाजिरवाण्या प्रसंगाने शिकवला. एका खेपेचा टाकीतील नमुना उत्तम आला आणि भरणीच्या लाइनवरून घेतलेला नमुना सरळ ४ क्रमांकाने नापास झाला. आम्ही दोन दिवस यंत्राला दोष देत राहिलो, तापमापक तपासला, नळ्यांची पेटी बदलली. शेवटी एका जुन्या फिटरने विचारले, "साहेब, तो नमुन्याचा कॉक कधी बदलला?" आठवड्यापूर्वी दुरुस्तीत तिथे पितळी कॉक बसवला होता, सुट्टीचे दोन दिवस त्यात इंधन साचून होते, आणि मी लाइन धुऊन न काढता पहिलाच थोडा माल बाटलीत धरला होता. धुऊन घेतलेला नमुना साफ पास झाला. पोलादी कॉक त्याच दिवशी बसला. वरिष्ठांचे बोलणे मात्र मला बरेच दिवस ऐकावे लागले.

घाणेवाले_अमळनेर

आमच्याकडेही तेलाच्या साठ्याला तांब्या-पितळेचे भांडे लावू नये, असे आजोबा सांगत. कल्हई असेल तर चालेल, म्हणत. कारण आज समजले. आणखी एक विचारतो : आपल्याकडच्या सरकीच्या तेलापासून विमानाचे इंधन केले, तर ते या चाचणीत टिकेल काय?

तापीकाठ (भुसावळ)

तेल जसेच्या तसे वापरले तर अजिबात टिकणार नाही. त्याचे बायोडिझेल जरी केले, तरी जेट इंधनात त्याची चालणारी मर्यादा किलोला ५० मिलिग्रॅम एवढीच आहे. पण तेलातील ऑक्सिजन आणि दुहेरी बंध हायड्रोजनने पूर्ण काढून टाकले की उरतात ती शुद्ध पॅराफिने, आणि ती उष्णतेला इतकी घट्ट असतात की अशा शुद्ध घटकाची चाचणी २६० ऐवजी ३२५ अंशांवर घेतात. ऑगस्ट २०१८ मध्ये देहरादूनहून दिल्लीला जे विमान जेट्रोफाच्या तेलापासून केलेले इंधन मिसळून उडाले, तेही याच कुळातले. मात्र यातील नैसर्गिक रक्षक पूर्ण गेलेले असल्यामुळे अँटीऑक्सिडंट कारखान्यातून निघतानाच मिसळावा लागतो. उशीर झाला तर साठ्यात परॉक्साइड वाढू लागतात आणि नंतर घातलेला फिनॉल ते परत नाहीसे करू शकत नाही.

भाचा_यूआयसीटी

मामा, म्हणजे माझ्या प्रकल्पात तीन वेगळ्या मालिका कराव्या लागतील, असे दिसते : एकट्या अँटीऑक्सिडंटची, एकट्या धातु-निष्क्रियकाची, आणि डिस्परसंटसह तिन्हींची. यंत्र नसल्यामुळे मी बंद पात्रात इंधन तापवून ऑक्सिजनचा दाब किती घटतो ते मोजणार होतो.

तापीकाठ (भुसावळ)

कर, पण दाब घटण्याच्या वेगावरून स्थिरता ठरवू नकोस. वर घाणेवाल्यांना लिहिलेले पुन्हा वाच : सर्वांत वेगाने ऑक्सिजन खाणारे इंधन सर्वांत स्वच्छ असू शकते. त्याच पात्रात पोलादाची छोटी पट्टी टांगून ठेव आणि शेवटी तिच्यावर किती थर बसला ते वजनाने किंवा कार्बन जाळून मोज. पूरकाशिवायचा एक नमुना आणि मुद्दाम तांबे विरघळवलेला एक नमुना प्रत्येक मालिकेत ठेव, नाहीतर निष्क्रियकाला पकडायला काही नसेल आणि तू लिहिशील की ते निरुपयोगी आहे. डिस्परसंटच्या मालिकेत एक चमचा पाणी घालून बाटली हलव आणि पाणी किती वेळात खाली बसते तेही लिहून ठेव. परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील.

नमुन्याचे डबे आतून इपॉक्सीचा लेप असलेले घे. घेण्याआधी प्रत्येक डबा त्याच इंधनाने तीनदा विसळ. आणि कॉक पितळी नाही ना, हे स्वतः बघ, दुसऱ्याला बघायला सांगू नकोस.